बारा पिंपांचा तराफा

"दुसरा पाय उचला बुवा," तराफ्यावरून भुजंग म्हणाला.

"उचलतो रे. घाई कसली करतोस?"

"घाई न्हाई. पण एक पाय फळीवर अन एक पाय काठावर, असं किती वेळ हुबं ऱ्हाणार? तराफा हलला तर फाटचाल की मधोमध."

मागे उभी असलेली भार्गवी पदरात तोंड लपवून हसली. रेणुकादासबुवा तिचे सासरे. नांदेडच्या शाळेत मुलांना दरडावणारी ही सून आज सासऱ्यांच्या कोपराला धरून त्यांना लहान मुलासारखं चुचकारत होती. बुवांनी डोळे मिटले, ओठ हलवले, दत्तगुरूंचं नाव घेतलं आणि दुसरा पाय उचलून फळीवर ठेवला. ठेवताक्षणी जवळच्या लोखंडी खांबाला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली.

"जमलं!" काठावरून शिवप्पा ओरडला. त्याचं शेत तिथंच, धरणाच्या फुगवट्याच्या कडेला होतं. "मिस्त्री, बुवाला जपून आना बरं का. नांदेडचा माल हाय, हितं बदलून मिळायचा न्हाई."

"तू तुझी मोटर बघ," भुजंग म्हणाला आणि बांबूने काठ रेटला. तराफा आवाज न करता पाण्यात सरकला.

भुजंग मिस्त्री एकसष्ट वर्षांचा. विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी जिथवर फुगतं, तिथल्या काठाकाठाने शेतकऱ्यांच्या मोटरी पाण्यावर तरंगतात. पाणी चढलं की मोटर वर, उतरलं की खाली. म्हणून पिंपांवर लोखंडी सांगाडा बांधायचा, त्यावर मोटर बसवायची. हे तराफे बांधणं हे भुजंगचं तीस वर्षांचं काम. एक्केचाळीस तराफे त्याने बांधले होते आणि त्यातला एकही बुडाला नव्हता. पुरात एक वाहून गेला, तो पुढच्या वळणावर बाभळीला अडकलेला सापडला. मोटर कोरडी होती.

आता याच एका गोष्टीपायी त्याचं आणि बुवांचं एक जुनं भांडण होतं. बुवांना ते माहीत नव्हतं, एवढंच.

गावच्या दत्ताच्या देवळात दत्तजयंतीला रेणुकादासबुवांचं कीर्तन सत्तावीस वर्षं झालं. भुजंगची जागा ठरलेली, पहिल्या रांगेत, पेटीवाल्याच्या समोर. बुवा गाऊ लागले की त्याला वाटायचं, देवळाचे खांबसुद्धा पुढे झुकून ऐकतायत. पण दर वर्षी उत्तररंगात एक वाक्य यायचंच. झांज थांबायची, बुवा एक हात वर करायचे आणि म्हणायचे, "माणसाच्या हातचं तारू आज ना उद्या बुडतंच, बाबांनो! न बुडणारं तारू एकच. नाम!" सगळं देऊळ माना डोलवायचं. भुजंगही डोलवायचा. आणि घरी जाताना अंधारात बोटांवर आपले तराफे मोजायचा.

"आवो, बुवा तुमच्या तराफ्याचं न्हाई बोलले," त्याची बायको तारामती दर वर्षी समजावायची. "संसाराचं बोलले."

"मालूम हाय."

"मग?"

"तारू म्हनले की न्हाई?"

अकरा वर्षांपूर्वी पाया पडताना त्याने धीर करून म्हटलं होतं, "बुवा, एकदा माझ्या तराफ्यावर बसा. दिवसभर. कायबी काम न्हाई, नुस्तं बसायचं." बुवा "बघू" म्हणाले होते आणि अकरा वर्षं बघतच राहिले होते. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, कीर्तन सुटलं. उरला तो खरखरीत कुजबुजण्याइतका सूर. घरात बसून बसून बुवा आंबट झाले. मग भार्गवीनेच फोन केला, "मिस्त्रीकाका, तुमचं ते बोलावणं अजून आहे का?"

भुजंगने महिनाभर खपून नवा तराफा बांधला. बारा निळी पिंपं, सागवानी फळ्या, चार खांबांवर पांढऱ्या कापडाचं छत, खाली सतरंजी आणि लोड. असा तराफा त्याने कधीच बांधला नव्हता, कारण त्याच्या तराफ्यावर आजवर कुणी माणूस बसायला आला नव्हता. तो स्वतःसुद्धा नाही. तीस वर्षं तो पाण्यावर उभाच होता.

माघातलं ऊन कोवळं होतं. पाणी इतकं निवांत, की वल्ह्याने पडलेली घडी बराच वेळ तशीच राहायची. पाणकावळे पंख पसरून खुंटांवर वाळत बसले होते. भुजंग एकेक तरंगती मोटर दाखवत होता.

"ती दगडोबाची. नऊ वर्सं झाली. ती पल्याडची मलप्पाची, देगलूरकडून आलता बिचारा, कुनी तरी माझं नाव सांगितलं म्हून."

"सगळे तूच बांधलेस?" बुवांनी खांब न सोडता विचारलं.

"हाव."

"आणि बुडाला एखादा?"

भुजंगने वल्हं थांबवलं. "न्हाई बुवा."

मागे बसलेल्या तारामतीने डोळे वटारले. भुजंगने पुन्हा वल्हं मारलं, पण छाती जराशी पुढे आलीच.

दहा वाजता बुवांचा एक हात खांबावरून सुटला. अकरा वाजता दुसरा. हुरड्याचं गाठोडं सोडल्यावर तर बुवा लोडाला टेकून मांडी घालून बसले. तारामतीने पहाटे भाजून आणलेला हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. बुवा तळहातावर दाणे चोळून फुंकर मारत होते आणि भुसा पाण्यावर उडत होता.

"तुला एक सांगू का भुजंगा? हसू नकोस."

"न्हाई हसत."

"मला पाण्याची भीती वाटते. जन्मापासून. पन्नास वर्षं मी लोकांना भवसागर तरायला सांगितला आणि स्वतः गोदावरीच्या घाटावर तीन थेंब डोक्यावर शिंपडून घरी येऊन बादलीने अंघोळ केली."

तारामतीच्या तोंडातला हुरडा उडाला आणि चौघंही असे हसले, की पाणकावळे उठले.

"बाबा, हे तुम्ही आईंनासुद्धा सांगितलं नव्हतं!"

"तिला कळलं असतं तर तिने मला कीर्तनाला उभं राहू दिलं असतं का?"

जेवण झाल्यावर बुवा सतरंजीवर आडवे झाले आणि पाचव्या मिनिटाला त्यांचा श्वास लांब झाला. पाण्याला भिणारा माणूस पाण्यावर झोपला. भुजंग कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. कीर्तन संपल्यावर आरतीच्या वेळी जसं वाटायचं, तसं त्याला वाटत होतं. आता काही मागायचं उरलं नाही.

"च्या टाक," त्याने बायकोला हळूच सांगितलं आणि काडेपेटीसाठी खिशात हात घातला.

काडेपेटीबरोबर बोटांना आणखी काहीतरी लागलं. त्याने ते बाहेर काढलं. काळं, गोल, रबराचं वायसर, पिंपाच्या बुचाखाली बसवायचं.

त्याने मान वळवून तराफ्याच्या डाव्या मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथली फळी पाण्याला चार बोटं जवळ आली होती.

ही चूक तीस वर्षांत झाली नव्हती, कारण तीस वर्षांत त्याने बांधलेल्या पिंपाचं बूच पुन्हा कधी उघडलंच नव्हतं. पण परवा सगळं तयार झाल्यावर त्याच्या मनात आलं, ही पिंपं भंगारातून आणलेली, आधी दारूच्या कारखान्यातली. त्यांच्यावर बुवा बसणार. आयुष्यभर सोवळं सांभाळलेला माणूस. मग त्याने बाराही पिंपं सोडली, चोवीस बुचं उघडली, प्रत्येक पिंप तीनदा विसळलं आणि प्रत्येकात गोदामाईचं चमचाभर पाणी आणि तुळशीचं एक पान टाकलं. वायसरं खिशात ठेवत गेला, बुचं लावताना एकेक काढत गेला. तेविसाव्यापर्यंत. चोविसावं खिशातच राहिलं.

"काय झालं?" तारामती कुजबुजली.

त्याने तळहात उघडून दाखवला. मिस्त्रीच्या बायकोला जास्त सांगावं लागत नाही. तिने स्टो उचलला आणि उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. मग घागर. मग हुरड्याचं गाठोडं. चोरासारखी चवड्यांवर चालत.

"बुडतोय का आपण?" भार्गवीचा चेहरा उतरला.

"न्हाई ताई. वाकून राहिलाय नुस्ता. तुमी जरा तारामतीशेजारी येऊन बसा. हळू."

"काठाला नेऊ या ना."

भुजंगने काठ पाहिला. दूर नव्हता. पण काठाला न्यायचं म्हणजे बुवांना उठवायचं, तिरक्या फळीवर उभं करायचं, त्यांनी पुन्हा खांबाला मिठी मारायची. आणि ते वाक्य. ते वाक्य बुवांनी तोंडातून काढलं नसतं; पण ते खरं ठरलं असतं, त्याच्याच तराफ्यावर, त्याच्याच हाताने.

"झोपू द्या त्यांला," तो म्हणाला. सदरा काढून त्याने घडी केली, वायसर दातांत धरलं आणि पाण्यात उतरला.

माघाचं पाणी वरून ऊबदार दिसतं, आत हाडं कापतं. भुजंगने हाताने पिंप चाचपलं. खालचं बूच पाण्यात होतं. पिंप अर्ध्याच्या वर भरलेलं. त्याने श्वास घेतला, डोकं खाली घातलं, बूच फिरवलं. बोटं बधिर. वर आला, पुन्हा खाली गेला. तिसऱ्या खेपेला बूच सुटलं, चौथ्या खेपेला वायसर खोबणीत बसलं, पाचव्याला बूच घट्ट झालं. आता पिंप रिकामं होणार नव्हतं, पण आणखी भरणारही नव्हतं. त्याने फळीला हात घातला आणि वर येण्यासाठी जोर लावला. एकसष्ट वर्षांचे दंड थरथरले, जमेना.

एक हात पुढे आला. बारीक, सुरकुतलेला, मनगटावर काळा दोरा असलेला. बुवांनी फळीवर पालथे पडून हात लांब केला होता. खांब त्यांच्यापासून चांगला पाच फूट लांब होता.

"धर."

"बुवा, तुमी झोपा—"

"धर म्हणतो ना!"

एका बाजूने बुवा, दुसऱ्या बाजूने तारामती. भुजंग वर आला आणि ओल्या अंगाने फळीवर बसून धापा टाकू लागला. बुवांनी आपल्या खांद्यावरची शाल काढून त्याच्या अंगावर टाकली. भुजंग अंग चोरू लागला. सोवळ्यातली शाल ती.

"गप बस. मी कधीचा जागा आहे. घागर उचलली तेव्हापासून. तुझी बायको चोरून चालते, पण पैंजण काही चोरत नाहीत."

तारामतीने जीभ चावली.

"मग बोलला कामून न्हाईत?" भुजंगने विचारलं.

"तू काय करतोस ते बघायचं होतं." बुवा थोडे थांबले. घशाला बोलणं सोसत नव्हतं. "बाराच्या बारा भरली तर?"

"बुडंल."

"आणि एक भरलं तर?"

"काय होत न्हाई. तीन भरली तरी चौघांला झेलतंय. पिंप कवातरी दगा देनार हे धरूनच बांधायचं असतंय बुवा. पिंपाची गॅरंटी कोन देनार? तराफ्याची मी देतो."

बुवांनी कोपऱ्यातल्या ओल्या फळीवरून हात फिरवला.

"पण बूच कसं राहिलं? तू तर असा विसरणारा नाहीस."

भुजंगने सांगितलं नसतं. तारामतीने सांगितलं. दारूच्या कारखान्याचं, चोवीस बुचांचं, तीनदा विसळण्याचं, तुळशीच्या पानांचं. बुवा ऐकत गेले, तसतसे त्यांचे हात मांडीवर एकमेकांत गुंतत गेले. भार्गवीने सासऱ्यांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"माझ्यासाठी उघडलंस," ते एवढंच म्हणाले.

परत जायची घाई कुणी केली नाही. चहा झाला. बुवांनी दोन कप मागून घेतले. भुजंगने वल्हं मारलं, तर बुवा म्हणाले, "दे जरा इकडे." वल्हं उलटं धरून त्यांनी तराफा जागच्या जागी दोनदा गोल फिरवला आणि स्वतःवरच खूश झाले. उन्हं कलली तेव्हा तराफा काठाकडे निघाला, डावा खांदा जरा खाली पाडून, दमलेल्या मालकासारखाच.

शिवप्पा मोटर बंद करून काठावर उभाच होता. त्याची नजर आधी वाकलेल्या कोपऱ्यावर गेली, मग शालीत गुंडाळलेल्या भुजंगवर. आणखी दोन-तीन जण शेतातून जमले.

"अरं बाप्पा! मिस्त्री, बेचाळिसावा बुडाला म्हना की! अन तोबी नेमका बुवासंगट!"

दोर घेऊन भुजंग कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि खुंटाला गाठ मारू लागला.

बुवा उभे राहिले. तराफ्याच्या मध्यावर, कशालाही न धरता. एक हात आपोआप वर गेला, कीर्तनात जायचा तसा. काठावरची माणसं सवयीनेच गप्प झाली. आवाज मात्र फाटका, चार हातांपलीकडे न जाणारा. तो ऐकायला शिवप्पाला दोन पावलं पाण्यात यावं लागलं.

"पाणी शिरलं ते माझ्या सोवळ्यापायी," बुवा म्हणाले. "तराफा राहिला तो याच्या हातामुळे. बारा पिंपांतलं एक भरलं होतं, शिवप्पा. मी त्याच्यावर झोपलो होतो."

मग त्यांनी भार्गवीचा हात न घेता पाय उचलला आणि काठावर उतरले.

शिवप्पाने टोपी काढून पुन्हा घातली. "बुवा, कोरडी वाट हिकडून हाय," तो हळूच म्हणाला आणि पुढे झाला.

भुजंग पाण्यातच पाठमोरा उभा होता. तारामतीने वरून हाक मारली, "आवो, झाली का गाठ? या की वर, गारठाल."

"आलो," तो म्हणाला.

गाठ केव्हाच पक्की बसली होती. त्याने ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून मारायला घेतली.