न्हाणीघरातला पूर

महापूर माझ्यामुळे येतो आणि मी जागचा हललो की ओसरतो. मित्रांनो, एवढी सत्ता असूनही मी कधी मिजास केली नाही. मी एक जुने रबरी बूच आहे.

साच्यातून निघालो तेव्हा मी काळाकुळकुळीत होतो. गळ्यात साखळी अडकवून मला एका बाथटबच्या तळाशी बसवले. टब आप्पांच्या हट्टाखातर आला होता. त्यांची कंबर धरली होती, गरम पाण्यात बसा म्हणून डॉक्टरांनी सांगितले होते. पण आप्पा बसायच्या आधीच टब त्यांच्या सुनेने ताब्यात घेतला.

कारणही तसेच होते. घरामागे नदी, आणि दर पुरात काठाची माती ढासळायची. मागच्या खेपेला कपडे वाळत घालायची दोरी खांबासकट वाहून गेली. पुढचा नंबर स्वयंपाकघराचा होता. सूनबाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. काठ मुळांनी धरून ठेवील असे झुडूप त्यांना हवे होते. एकाच जातीची दोन झुडपे त्यांनी आणली, एक पावसाळी मुलखातले आणि एक रखरखीत मुलखातले. कुंड्या टबात ठेवल्या, मला दाबून बसवले आणि नळ सोडला.

"नदीचा पूर कमी पडला म्हणून घरात आणलास का?" आप्पांनी दारातून विचारले.

"तिथे काय टिकेल ते आधी इथे कळेल, आप्पा."

"आणि माझी कंबर?"

"ती टिकाऊ आहे."

मी तळाशी असल्यामुळे मला सगळे खालून दिसले. पावसाळी झुडपाची कुंडीतली मुळे गुदमरली, तेव्हा त्याने खोडातूनच, पाण्याच्या पातळीपाशी, नवी लालसर मुळे काढली. खाली पाणी शिरल्यावर एखाद्या बाईने मुकाट्याने वरच्या मजल्यावर चूल मांडावी, तसे. मी थक्क झालो. दुसऱ्याने मात्र पाने पिवळी केली आणि एकेक करून माझ्या अंगावर टाकली. शेवटी नुसती काटकी उरली.

"हे गेलं," आप्पा म्हणाले. "आता ते पहिलं लाव काठावर आणि टब मोकळा कर."

सूनबाई पावसाळी रोपे मागवायच्या बेतात होत्या. तेवढ्यात एका दुपारी, त्या कॉलेजात असताना, आप्पांनी माझी साखळी ओढली. कुंड्या उचलून खिडकीतल्या उन्हात ठेवल्या. दुखऱ्या कंबरेचा माणूस भरल्या कुंड्या कशा उचलतो, ते मला विचारू नका.

"आप्पा, पूर संपायचा होता अजून," परत आलेल्या सूनबाई म्हणाल्या.

"मग काय वर्षभर ठेवणार होतीस? आपल्या नदीचा तरी कुठे एवढा टिकतो? चार दिवसांत सगळं कोरडं ठणठणीत."

तेव्हा कुठे सूनबाईंच्या लक्षात आले. पाणी किती चढते एवढेच त्यांनी पाहिले होते. किती दिवस राहते, हे पाहिलेच नव्हते. रोपांचा निरोप त्यांनी धाडला नाही आणि रोज खिडकीपाशी जाऊ लागल्या.

उन्हात पावसाळी झुडपाची ती देखणी मुळे उघडी पडून वाळली आणि पाने माना टाकू लागली. काटकीच्या बुडाशी मात्र हिरवे ठिपके दिसले. ती मेली नव्हती. दुकान बंद करून आत बसली होती.

सूनबाईंनी पावसाळी रोपे अगदी खाली, बारमाही ओलीत लावली आणि वरचा सगळा उतार रखरखीत मुलखातल्या काटक्यांच्या हवाली केला. पुढचा पूर आला, उतारावर चढला. झुडपांनी निमूटपणे पाने टाकली, पण माती सोडली नाही. स्वयंपाकघर शाबूत राहिले. लोक काठ बघायला येऊ लागले. बूच बघायला कोणी आले नाही, आणि ते योग्यच आहे. पाणी अडवणे मला जमते. पाण्यात उभे राहून दुसऱ्याची माती धरून ठेवणे मला जमले नसते.

आता मी चिरा पडून नळाला लटकतो. मित्रांनो, पाने गळाली म्हणून कोणाला लगेच उपटू नका. आणि बूच वापरून झाले की पुसून ठेवत जा.

टब केव्हाच मोकळा झाला आहे. आप्पा बादलीनेच आंघोळ करतात. टबात एकदा बसले की त्यांना उठता येत नाही.