बाहीचं टोक

मी शेंगदाण्याच्या कारखान्यात कामाला होते. भाजलेले दाणे पाखडायचे, सालं उडवायची. कितीही झटकलं तरी बारीक भुकटी केसांत, कपड्यांत राहायचीच.

आमच्या ठकीला माझ्या बाहीचं टोक चोखत झोपायची सवय. एका संध्याकाळी कामावरून आले आणि तशीच तिला मांडीवर घेतली. बघता बघता तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, छाती घरघरायला लागली. दवाखान्यात वेळेवर सुई दिली म्हणून पोर हाती लागली.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. घरात दाणा नको. ही औषधाची सुई कायम हाताशी ठेवा. आणि तुम्ही आंघोळ करून, कपडे बदलूनच तिला जवळ घ्यायचं."

"एवढा काय बाऊ करायचा?" नवरा म्हणाला. त्याचं काय जात होतं! तो आला की ठकी धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडायची. माझ्याकडे धावली की मी ओरडायचे, "लांब हो! हात लावू नकोस!" पोर जागच्या जागी थिजायची. मी न्हाऊन येईपर्यंत नणंदेने तिला कडेवर घेतलेलं असायचं.

दिवसभर नणंदच सांभाळायची, तिचे उपकार नाकारत नाही. पण तिने खेळच करून टाकला. "आई आली की काय करायचं? मागे सरायचं!" ठकी टाळ्या पिटत मागे सरायची आणि घर हसायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी मी ते काम सोडलं. घरच्यांची बोलणी खाल्ली आणि एका कापडाच्या दुकानात लागले. पहिल्याच संध्याकाळी जिना धावत चढले, दारातच बसले, हात पसरले.

"ये ठके! आता आईला हात लावायचा."

ती मागे सरली. "आधी आंघोळ."

"अगं, दाणे नाहीत आता. वास घेऊन बघ."

ती आत्याच्या पाठीमागे लपली. नणंदेला कोण आनंद! "बघितलंस वहिनी, कशी तयार केलीय पोरीला!"

एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली. कोणाला, तेही कळेना. ओरडून लांब तर मीच केलं होतं.

मी आंघोळीला गेले. अंगावर दाण्याची भुकटी नव्हती, तरी साबण घासघासून लावला. बाहेर आले तेव्हा ठकी झोपली होती. आत्याच्या मांडीवर, आत्याच्या बाहीचं टोक तोंडात धरून.