जुन्या स्लॉटमध्ये अडकलेला वाघ

हे कोणी खरं मानणार नाही. नका मानू. नागभीडच्या स्टेशनरोडवर माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याआधी तिथेच मी रेडिओ उघडून बसायचो, आणि त्या खुर्चीवरून मी जे जे सांगितलं त्यातलं निम्मं लोकांनी हसण्यावारी नेलं. पण कम्प्युटरच्या पडद्यावर चित्र पळवणाऱ्या ग्राफिक कार्डाच्या जोरावर वाघापासून म्हातारी वाचवलेला माणूस चंद्रपूर-गडचिरोलीत दुसरा दाखवा, मी दुकान बंद करतो.

विषय काढला दुकानात आलेल्या देवरावने.

"अयूबभाऊ, पोट्ट्यानं गेम खेळाले कार्ड आणलं. आता म्हणते कम्प्युटरचा बोर्डच बदला. आपल्या बोर्डाचा स्लॉट, कार्ड बसवाची खाच, जुना आहे म्हणे, नवा डबल स्पीडचा निंगाला. काऊन बदलू मी? जुन्यात बी बसतेच ना कार्ड?"

"बसते," मी म्हणालो. "एसटीच्या टपावर माणूस बी बसते."

प्रिंटरची शाई भरून न्यायला आलेली हर्षा हसली. दोघांनाही मी बसवून घेतलं.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. सावलीकडच्या एका खेड्यात कोलूचं गेम पार्लर होतं. पार्लर म्हणजे गावाबाहेर धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, लागून एक विटांची खोली, पुढे दार, मागे सदा उघडं बुटकं दार, आणि टेबलांवर दोन मशिनी. पुढच्या दाराजवळची मशीन जुन्या स्लॉटची, मागच्या दाराजवळची नव्याची. कार्ड मात्र एकच. ते कुठे लावायचं एवढं ठरवायला कोलूने मला बोलावलं होतं. दुपारची वेळ, गाव सगळं धान कापायला गेलेलं. मी कार्ड आधी जुन्या मशीनमध्ये लावलं आणि शिकारीचा एक खेळ सुरू केला. पडद्यावर गवतातून वाघ निघाला, पंजा उचलला, आणि तसाच अटकला. पुन्हा हलला, पुन्हा अटकला.

"पाहा," मी कोलूला म्हणालो, "स्लॉट पुरून नाई राह्यला."

कोलू मागच्या दाराशी उभा होता, नजर पुढच्या दारावर. मला वास आला. सडक्या मांसाचा आणि ओल्या केसांचा. खोलीतला उजेड कमी झाला होता, कारण दार भरलं होतं.

दारात वाघ होता. खरा.

डोकं आणि पुढचे पाय आत, बाकीचं अंग बाहेर उन्हात. माझ्या खुर्चीपासून त्याच्या मिशा एवढ्या जवळ की श्वासासरशी टेबलावरची धूळ उडत होती.

"मंग काऊन नाई पळाले?" देवराव म्हणाला. "मागचं दार होतं ना?"

होतं. कोलूच्या शेजारीच होतं. मी डोळ्यांनी त्याला खुणावलं, निघ. त्याने मान हलवली आणि खिडकीकडे पाहिलं. बांधाच्या पायवाटेने त्याची आई येत होती, कलाबाई. डोक्यावर जेवणाची टोपली, हातात काठी. कानाने कमी, डोळ्यांत मोतीबिंदू. पुढच्या दारात शेजाऱ्याचा गोऱ्हा रोज बसायचा आणि ती रोज त्याला काठी हाणून उठवायची.

"माय येऊन राह्यली," कोलू ओठांतल्या ओठांत म्हणाला. "ते वाघाले गोऱ्हा समजन, अयूबभाऊ. काठी मारन त्याले."

हाक मारावी तर तिला ऐकू जाणार नाही, वाघाला जाईल.

आणि वाघ काय करत होता? पडद्याकडे पाहत होता. पडद्यावरचा वाघ पंजा उचलून थिजलेला, म्हणून हाही आपला पंजा उचलून थांबलेला. चित्र थोडं हललं की ह्याच्या छातीतून घर्र आवाज यायचा, माझ्या दातांत जाणवायचा. पण किती वेळ पाहील? पडद्यावरचा हलेना तसा त्याचा एक कान मागे वळला. मागे बांधावर काठी वाजत होती. टक. टक.

मला एकच सुचलं. ह्याला पुढे ओढायचं, मागच्या दारातून बाहेर काढायचं, आणि त्यासाठी पडद्यावरचा वाघ पळताना दिसला पाहिजे. अटकत अटकत नाही, वाघासारखा. म्हणजे कार्ड नव्या स्लॉटमध्ये पाहिजे.

मी हात आत घातला आणि कार्ड उपटलं.

"चालू मशीनमधून?" देवराव.

"तू बंद केली असती काय? वाघाले म्हटलं असतं, थांब बावा, शटडाउन होऊ दे?"

पडदा काळा झाला. वाघ हलला. त्याची पाठ चौकटीला घासली, चुना पडला. मी भिंतीला पाठ लावून सरकत दुसऱ्या मशीनपाशी गेलो. घाईत कार्ड स्लॉटमध्ये बसेना. बसलं. बटण दाबलं. मशीन जागी होतानाची ती पट्टी तुम्ही पाहिली असेल, डावीकडून उजवीकडे सरकणारी. देवा, ती किती सावकाश सरकते! वाघाने खोलीत पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. माझ्या मानेवर गरम वाफ आली. लोडशेडिंगची वेळही झालीच होती. लाइट गेली असती तर आज इथे तुम्ही भिंतीशी बोलला असता. खिडकीतून कलाबाईच्या लुगड्याचा काठ दिसला. कोलू टेबलाखाली डोळे मिटून बसला होता आणि एकच शब्द म्हणत होता, माय, माय, माय.

खेळ उघडला. गवत हललं, एकेक पातं वेगळं. त्यातून वाघ निघाला, आणि अटकला नाही. धावला! पडद्याच्या डाव्या कडेकडून उजव्या कडेपर्यंत, आणि कडेवरून बाहेर. पडद्याच्या उजव्या हाताला मागचं दार. खऱ्या वाघाला वाटलं, तो तिकडूनच गेला. अशी झेप घेतली की माझी टोपी वाऱ्याने उडाली. बुटक्या दारातून बाहेर, बांध्या ओलांडून, सरळ जंगलात.

पुढच्या दारात कलाबाई काठी उगारून उभी होती.

"आज गोऱ्हा कुठी गेला?" ती म्हणाली.

कोलू तिच्या पायांना मिठी मारून रडला. मला अजून कधी कधी मानेवर ती वाफ लागते.

"आता समजलं?" मी देवरावला म्हणालो. "जुना स्लॉट असता तं कलाबाई मेली असती. बोर्ड बदल."

देवरावचा चेहरा पांढरा पडला होता. "बदलतो ना भाऊ," तो म्हणाला. "आजच बदलतो."

"चाचा," हर्षा म्हणाली, "कार्ड कोणतं होतं ते?"

मी नाव सांगितलं. नाव तरी खरं सांगावं म्हटलं.

"माह्या घरी तेच आहे. सालभर जुन्या स्लॉटमध्ये चालवलं, यंदा दिवाळीले नवा बोर्ड घेतला. खेळ बी हाच. जुन्यात जसा पळे तसाच नव्यात पळते, केसाचा फरक नाई. एवढ्याशा कार्डाले जुना स्लॉट बी पुरून उरते. मंग तुमचा वाघ जुन्यात अटकला कसा?" ती देवरावकडे वळली. "नका बदलू काका बोर्ड. चाचा साफ झूट बोलून राह्यले."