एका टोलीची नस्ती

मी एक फाईल बोलतेय. कागदोपत्री माझं नाव नस्ती, पण त्या नावानं मला कुणी हाक मारत नाही. साहेबसुद्धा "ती साकोलीकडची फाईल आणा" एवढंच म्हणतात. जाड पुठ्ठा, पांढरी नाडी आणि पोटात एकशे बारा पानं, असा माझा देह.

माझा जन्म तहसील कार्यालयातल्या एका डगमगत्या टेबलावर झाला. श्यामराव नावाचे गृहस्थ अर्ज घेऊन आले होते. एकोडी गावाच्या बाजूला, नाल्यापलीकडे, चाळीस घरांची एक टोली, म्हणजे छोटी वस्ती आहे. तिथलं पहिलं घर त्यांनी बांधलं, म्हणून लोक तिला श्यामटोली म्हणू लागले. सरकारच्या नकाशात मात्र तिला नाव नव्हतं. स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळाली, तर राशनला, मतदानाला पुरात नाला ओलांडावा लागणार नव्हता. अर्ज दिला आणि दुसऱ्याच वर्षी श्यामराव वारले. पहिल्या पानावरची त्यांची सही तेवढी माझ्याकडे राहिली.

सरकार म्हणजे काय, हे मला फिरून कळलं. ती एक उतरंड आहे. तळाला पटवारी, त्याच्यावर मंडळ अधिकारी, मग तहसीलदार, एसडीओ, जिल्हाधिकारी, नागपूरचे आयुक्त आणि वर मुंबईचं मंत्रालय. तिथंही कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव आणि शेवटी मंत्री. ही माणसं एकमेकांशी बोलत असतील असं मला वाटायचं. ती बोलत नाहीत, माझ्या अंगावर लिहितात. खालचा चार पानं लिहितो, वरचा चार ओळी आणि त्याच्या वरचा नुसतं 'सहमत'. पण एक मान्य केलं पाहिजे. कितीही मोठा साहेब असो, त्याला तळाच्या कागदावरच उभं राहावं लागतं.

माझ्या तळाच्या कागदांत घोळ होता. अर्जात श्यामटोली, राशनच्या यादीत वार्ड क्रमांक चार आणि मतदार यादीत नाल्यापलीकडची टोली. कक्ष अधिकाऱ्यांनी शेरा मारला, 'वस्तीतील सर्वांत वयस्क रहिवाशाचा जबाब घेऊन नाव निश्चित करावे.' झालं, मी आले तशी परत.

सर्वांत वयस्क होत्या शकुनबाई, श्यामरावांच्या पत्नी. जबाब घ्यायला पटवारी सचिन गेला. पोरगा साताऱ्याकडचा, नवा. भाताच्या रोवणीचे दिवस, सारी टोली शेतातल्या बांधीत चिखलात. घरी एकट्या शकुनबाई.

"आजी, या वस्तीचं नाव काय?"

"मले नाई घेता येत, बाबू."

"म्हणजे माहीत नाही?"

"माहीत कायले नाई? पण मले घेता येत नाई."

नवऱ्याचं नाव तोंडावाटे काढायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. दवाखान्यात गावाचं नाव विचारलं की शेजारची रुपा सांगायची. रुपा त्या दिवशी रोवणीला गेली होती. सचिनला हे कुठून ठाऊक असणार? त्याला आणखी तीन गावं करायची होती. त्यानं लिहिलं, 'जबाब देणाऱ्यास वस्तीचे नाव सांगता आले नाही,' आणि वाचूनही दाखवलं. "बरोबर हाये," म्हणून शकुनबाईंनी अंगठा दिला. खोटं तर त्यात काहीच नव्हतं.

ते एक वाक्य सगळी उतरंड चढलं. प्रत्येक पायरीवर 'सहमत'. खाली आलं ते हुकूम होऊन: वस्तीचं नाव 'वार्ड क्रमांक चार' असंच कायम करावं, हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावं.

मुदत संपत आली तेव्हा मी नव्या नायब तहसीलदार दामिनी मॅडमच्या टेबलावर होते. मॅडम अड्याळच्या, याच मुलखातल्या. सचिनचं वाक्य त्यांनी वाचलं, जबाब देणाऱ्या बाईचं नाव वाचलं, मग श्यामरावांचा अर्ज उलगडला आणि कपाळावर हात मारला. त्याच दुपारी मला घेऊन त्या टोलीत पोचल्या. अंगणात माणसं जमली.

"श्यामटोली, मॅडम! लिवा," रुपा म्हणाली.

"तुया सांगन्यानं नाई होत, रुपा," मॅडम म्हणाल्या. "जबाब आजीचा लागते. आजी, उखान्यात घ्या नं."

"उखाना सवाष्णीनं घ्यावा, पोरी. मी आता कोनासाठी घेऊ?"

"नाई घेतलं तं वार्ड क्रमांक चार होते. कायमचं."

मॅडमनी माझं पहिलं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. "ही सही कोनाची हाये?"

बाईंना अक्षर येत नव्हतं, पण सही ओळखीची होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि पदर सारखा केला.

"लिव," त्या म्हणाल्या. "श्यामराव. त्याइची टोली. श्यामटोली."

रुपानं तोंडावर हात घेतला.

"बावन वर्सं झाले लगनाले," शकुनबाई म्हणाल्या. "आता वाचून दाखव."

मॅडमनी वाचलं.

"आनखी एकडाव वाच."

मॅडमनी पुन्हा वाचलं. बाईंनी तिसऱ्यांदा मागणी केली, पण मॅडमना त्याच दिवशी मला जिल्ह्याला पोचवायचं होतं. त्यांनी अंगठा घेतला आणि नाडी बांधली. माझ्या अंगावर मंत्र्यांची सही आहे, सचिवांची आहे. पण भरून आलं ते त्या अंगठ्यानं.

आठ महिन्यांनी 'मान्य' झालं, राजपत्रात छापून आलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. माझी एकूण चार वर्षं गेली. फलक लागला त्या दिवशी पंचनाम्याला मी सचिनच्या काखेत होते. शकुनबाई फलकाखालीच बसल्या होत्या.

"आजी, आता तरी सांगा, गावाचं नाव काय?" त्यानं हसत विचारलं.

बाईंनी वर बोट दाखवलं. "तुले वाचता येते नं? मंग वाच."

आता मी अभिलेख कक्षात, तिसऱ्या मांडणीवर असते. पुठ्ठ्यावर लाल शाईनं 'अ' लिहिलंय, म्हणजे कायम जपायची. माझ्यामागून आलेल्या फायली संगणकातच जन्मतात. त्यांना अंगठा कसा लागतो, मला ठाऊक नाही. तुम्ही कधी मला खाली काढलंत, तर धूळ झटका, शकुनबाईंच्या जबाबाचं पान एकाहत्तर उघडा आणि तिथलं नाव मोठ्यानं वाचा. तिसऱ्यांदा वाचायचं राहून गेलंय.