फ्रिजवरची चौदा प्रमाणपत्रं

बाटल्या भरायच्या कारखान्यात मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर फोरमनइतकं कुणालाच येत नव्हतं. सॉफ्टवेअरवाली कंपनी ऑनलाइन फुकट शिकवत गेली, हा सात वर्षं शिकत गेला. फ्रिजवरच्या भिंतीवर चौदा प्रमाणपत्रं लागली. "फुकट ते पौष्टिक!" बायको म्हणायची, आणि तोही हसायचा.

आता कारखान्यात नवी लाइन येणार होती. मॅनेजर म्हणाले, "सॉफ्टवेअर तुम्हीच निवडा. तुमचा शब्द अखेरचा."

दुसऱ्या कंपनीची बाई छोटंसं मशिन घेऊन दाखवायला आली. बाटली नेमकी कुठे अडकली, ते तिच्या स्क्रीनवर लाल दिसत होतं. त्यासाठी फोरमन आजवर पाऊण पाऊण तास पट्ट्याखाली रांगत आला होता. हे सॉफ्टवेअर चांगलं आहे हे त्याला लख्ख कळलं.

"आता तुम्ही पट्टा थांबवून बघा," बाई म्हणाली.

त्याचं बोट सवयीने डाव्या कोपऱ्यात गेलं. बटण तिथे नव्हतंच. ते मधोमध होतं, आंधळ्यालाही दिसेल एवढं. तोवर सहा बाटल्या धडाधड खाली.

"हे आपल्याकडे चालायचं नाही!" तो फणकारला.

"का हो?" मॅनेजरांनी विचारलं.

फोरमन कारण शोधू लागला. डोळ्यांपुढे फ्रिजवरची भिंत तेवढी आली.

बाईला सगळं कळलं असावं. "शिकायचं टेन्शन घेऊ नका, साहेब. सगळं ऑनलाइन आहे, आणि अगदी फुकट," ती गोड हसून म्हणाली.

सात वर्षांपूर्वी जुन्या सॉफ्टवेअर कंपनीकडून आलेला माणूसही अस्साच गोड हसला होता.