घाटात विणलेली कानटोपी

रमिलाबाईला वाटलं होतं, अजून आठवडाभर तरी हाताशी आहे. पण दिवाळी सरली न सरली तोच मुकादमाचा निरोप आला, ऊसतोडीच्या टोळीची गाडी उद्या सकाळीच निघणार. तिच्या हातातल्या कानटोपीचा एकच कान विणून झाला होता.

टोपी तिच्या भाच्याच्या, जामसिंगच्या बाळासाठी होती. बाळ वेळेआधीच आलं होतं. डोकं एवढंसं, की नेहमीच्या मापाने विणलेली टोपी थेट गळ्यात उतरली. रमिलाबाईने ती उसवली, टाके कमी करून पुन्हा विणायला घेतली, आणि त्यातच दिवस गेले. जामसिंगची बायको सुनिता नवऱ्याच्या या आत्याला म्हणत होती, "फुई, जशी झाली तशी दे." पण तशी द्यायला रमिलाबाई तयार नव्हती.

ती धडगावजवळच्या आश्रमशाळेत स्वयंपाक करायची. तिथल्या अधीक्षिकाबाईंनी तिला विणकाम शिकवलं होतं. त्या बदलून गेल्या, पण सुया हिच्याकडे राहिल्या. दर हिवाळ्याआधी धडगावच्या बाजारातून ती लोकर आणायची, आणि पाड्यावरून ऊसतोडीला निघालेल्या बायकांच्या कडेवर जेवढी तान्ही असतील, तेवढ्यांना कानटोपी करून द्यायची. कशासाठी, हे कुणी विचारत नव्हतं. जुन्या माणसांना ते माहीत होतं.

लग्नानंतर ती आणि रायसिंग ऊस तोडायला गुजरातेत गेले होते. पहिला मुलगा तान्हा होता, तिथल्या खोपीत ठेवलेला. पाचटाची खोपी, खाली ओली जमीन. पहाटे गाडी भरायची म्हणून तिने पोराला आपल्या लुगड्यात गळ्यापर्यंत गुंडाळलं आणि ती मोळ्या बांधायला गेली. परत आली तेव्हा लुगड्यातलं अंग जरा उबदार होतं, डोकं मात्र नदीतल्या गोट्यासारखं गार. त्याला बांधावरच पुरलं. गाडी भरायची राहिली होती, म्हणून दोघांनी ती भरली. त्या वर्षानंतर तिने उसात पाऊल टाकलं नाही. रायसिंग एकटा मिळेल त्या कामाला जायचा, तो वारला तेव्हा तिने शाळेतलं काम धरलं.

सकाळी धुकं अजून दरीतून उठलं नव्हतं, तेव्हा गाडी आली. बायामाणसं, भांडी, कोंबड्या, धान्याची पोती, सगळं चढलं. सुनिता बाळाला फडक्यात गुंडाळून चढली. रमिलाबाई लोकरीचा गुंडा काखेत धरून उभी होती.

"एका कानाची टोपी कशी देऊ गं?" ती म्हणाली, आणि फळीला धरून तीही वर चढली. "घाट उतरेपर्यंत होईल. तळोद्यातून जीपने परत येईन."

चांदसैली घाटात गाडी वळणावळणाला झुकत होती. रमिलाबाई पोत्याला पाठ लावून बसली आणि टोपीच्या काठावरचे टाके उचलू लागली. हिसका बसला की टाका सुटायचा, ती तो पुन्हा सुईवर घ्यायची. बायका बघत होत्या. ताडपत्री फडफडत होती आणि वारा आत घुसत होता.

कान निम्म्यावर आला तशी ती म्हणाली, "पोरी, दे इकडे त्याला. माप बघते."

सुनिताने बाळ दिलं. रमिलाबाईने टोपी सुईसकट त्याच्या डोक्याशी धरली आणि तिचा हात तिथेच थांबला. बाळ रडलं नाही. एवढ्या वाऱ्यात फडकं सरकलं तरी कुरकुरलंसुद्धा नाही. तिने त्याचे पाय चाचपले, मग पोट, मग टाळू.

"कधी प्यायला हा?"

"पहाटे दिलं होतं. तोंड लावलं नाही. झोपलाय म्हणून मी..."

"झोपला नाही हा," रमिलाबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "पोलकं सोड. ह्याला उघडा कर आणि छातीला लाव. अंगाला अंग लागू दे. बोलू नकोस, कर."

सुनिताने पोलकं सोडलं आणि बाळ छातीला लावलं. बायकांनी भोवती आडोसा केला, कुणी आपली गोधडी दिली, कुणी चादर. रमिलाबाईने सुई ओढून काढली, सुटे टाके तसेच लोंबत ठेवून टोपी त्याच्या डोक्यावर चढवली, आणि जो कान विणला नव्हता त्यावर आपला तळहात ठेवला. तळोदा आलं तेव्हा ती उतरली नाही; एवढ्या लहान बाळाला ठेवायची सोय नंदुरबारच्या दवाखान्यातच होती. तापीचा पूल गेला तेव्हाही तिचा हात तसाच होता. जामसिंग समोर बसून नुसता बघत होता. नंदुरबारच्या अलीकडे त्याने केबिनच्या पत्र्यावर मुठी मारल्या.

गाडी थांबली. मुकादम फत्तेसिंग खाली उतरून मागे आला. जामसिंगने त्याला बाळ दाखवलं आणि गाडी दवाखान्यात घ्यायला सांगितलं. तोही डोंगरातलाच माणूस.

"विसरवाडीला बाकीच्या टोळ्या खोळंबल्यात," तो म्हणाला. "तिथे बघू काहीतरी."

"तिथवर नाही टिकणार," रमिलाबाई म्हणाली. तिने ओरडून सांगितलं नाही. "मी असं एक पाहिलंय, फत्तेसिंग. तू तेव्हा लहान होतास. तुझ्या बापाला विचार."

फत्तेसिंग खाली बघू लागला. ड्रायव्हर नथ्थू खिडकीतून डोकं काढून ऐकत होता. "दवाखाना वाटवरच शे," तो म्हणाला. "मी गाडी तठेच लेस. काय बोलनं व्हई ते मालकनं मले बोलो." मालकाची बोलणी स्वतःवर घेत त्याने गाडी दवाखान्याकडे वळवली.

दवाखान्यात नर्सबाईंनी बाळ उचललं आणि आत नेलं. काचेपलीकडे ऊब देणाऱ्या दिव्याखाली त्याला ठेवलं. टोपी काढून त्यांनी रमिलाबाईच्या हातात दिली. बराच वेळ गेला. मग एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "श्वास आहे. आत्ताच काही सांगता येत नाही. वजन फार कमी आहे. आई लागेल इथे, वजन वाढेपर्यंत छातीशी धरायला. महिनासुद्धा लागेल."

सुनिता भिंतीला टेकून खाली बसली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

फत्तेसिंग आत आला तो ओशाळलेलाच होता. "जामसिंग, तुमचा कोयता जोडीचा धरलाय," तो म्हणाला. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची, असे दोघं मिळून एक कोयता. "एकट्याचा नाही चालत. मी पुढे कारखान्यात काय सांगू?"

जामसिंगने बायकोकडे बघितलं, काचेकडे बघितलं.

"मी येते," रमिलाबाई म्हणाली.

"फुई, तू?" सुनिता उठूनच उभी राहिली. "तू उसात जात नाहीस."

"नाही जात." रमिलाबाई बाकावर बसली. सुया बाहेर काढून तिने सुटलेले टाके एकेक करून गोळा केले. "शाळेत निरोप दे. ठेवली जागा तर ठेवली. फत्तेसिंग, एवढा कान होईपर्यंत नथ्थूला थांबायला सांग."

फत्तेसिंग बाहेर गेला. हॉर्न पुन्हा वाजला नाही.

तिने कान पुरा केला, दोन्ही बाजूंना बंद घातले आणि टोपी सुनिताच्या हातात दिली. "बंद घट्ट नको. हनुवटीखाली बोट जाईल एवढं सैल," ती म्हणाली. मग काचेपाशी गेली. बाळाची छाती हलत होती, नीट बघितलं तर दिसत होती. ती गाडीत चढली तेव्हा जामसिंगने तिला हात दिला आणि नंतर तोंड फिरवून तो रडत राहिला.

तोडायचा उसाचा फड गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला होता. पहिल्या सकाळी उसाच्या पात्यांवर दव होतं आणि ती पाती हातापायांना कापत होती. जामसिंग तोडत पुढे सरकत होता, ती मागून मोळ्या बांधत होती. शरीराला ते काम आठवत होतं. तिला ते आठवायला नको होतं. जुना बांध कुठल्या गावच्या शिवारात होता, तिला सांगता आलं नसतं. सगळे फड सारखेच दिसतात. दुपारी पाणी प्यायला ती बांधावर बसली आणि बसल्या जागी मातीवर हात ठेवून राहिली. जामसिंगने ते पाहिलं. तो शेजारी येऊन बसला.

शाळेत तिच्या जागी दुसरी बाई लागली, असं तिथे तिच्यासोबत स्वयंपाक करणाऱ्या कमलीबाईने फोन करून कळवलं. रमिलाबाई "बरं" म्हणाली.

सुनिताचा फोन रोज संध्याकाळी यायचा. आज नळीने दूध दिलं. आज नळी काढली. एक दिवस फोन आलाच नाही, तेव्हा जामसिंग खोपीबाहेर येरझारा घालत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला. त्याने ऐकलं आणि फोन तिच्याकडे दिला.

"फुई," सुनिता म्हणाली, "ओढून प्यायला. आपल्या आपण. पिताना मला नख लागलं त्याचं." मागून वॉर्डातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाचं रडणं ऐकू येत होतं. "त्याला तुझ्या पोराचं नाव ठेवू का? काय होतं नाव?"

रमिलाबाईने फोन कानापासून दूर धरला, परत जवळ घेतला. ते नाव तिने कितीतरी वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं.

"जालमसिंग," ती म्हणाली. "पण तुम्ही तुमचं ठेवा. त्याचं त्याच्याकडे राहू दे."