घ्यायला येऊ का?

विमानतळाला नाव शहराचं होतं, पण शहराशी त्याची साधी तोंडओळख असेल असंही वाटत नव्हतं. बाहेर नजर जाईल तिथवर गवत, एक पेट्रोल पंप आणि एक बस. बसवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'थेट, झटपट, स्वस्त'. यातला एकच शब्द खरा होता आणि ताईला तेवढा पुरला.

बसकडे जाण्याआधी मात्र ती दारातल्या गर्दीपाशी जरा रेंगाळली. कुणी पाट्या धरून उभे होते, कुणी फुलं घेऊन. ताईचं चष्म्याचं दुकान होतं. अर्ध्या गावाचे डोळे तिनं तपासले होते. असल्या तयार नजरेला चूक होणं शक्यच नव्हतं. तिनं एकदा इकडून तिकडे पाहिलं आणि निकाल दिला, बाळ आलेला नाही.

आता यात बाळचं काय चुकलं? पाच-सहा वर्षांनी त्या धाकट्या भावाचा फोन आला, एकदा ये म्हणाला, घ्यायला येऊ का असंही विचारलं. ताईनं स्वच्छ सांगितलं, नको. पण या घरात 'नको' हा शब्द आजवर कुणी मनावर घेतला नव्हता. अजून वाढू का, नको; म्हणजे वाढ. सोबत येऊ का, नको. म्हणजे चपला घाल. त्यांचे वडील तर डॉक्टरलाही नको म्हणायचे आणि बोलावला नाही की रुसून बसायचे. बाळ याच घरात लहानाचा मोठा झाला होता. त्याला आता शिकवणी लावायची का?

ताईनं विमानात बसतानाच मनाशी ठरवून टाकलं होतं. तो घ्यायला आला, तर अबोला संपला. नाही आला, तर दोन दिवस पाहुणीसारखं गोड हसायचं, परत जायचं आणि आपल्याला एक भाऊ होता एवढंच लक्षात ठेवायचं.

ती तरातरा जाऊन बसच्या पहिल्याच सीटवर बसली. ही सीट मागे झुकायची. पुन्हा सरळ मात्र व्हायची नाही. ड्रायव्हरनं "निघालोच" असं जाहीर केलं आणि तो चहा प्यायला गेला. परतला तेव्हा मागच्या दारानं शेवटचे दोघं-तिघं घाईघाईनं चढले, त्यात एक टोपीवाला होता. मग बस थेट निघाली ती दुसऱ्या टर्मिनलकडे. तिथून गाड्या लावायच्या मैदानाकडे. मग दोन हॉटेलांना प्रदक्षिणा घालून पुन्हा पहिल्याच दारापाशी. ताईनं गर्दीवर पुन्हा एक नजर टाकली. उगाच, आपली सवय म्हणून.

शेजारी गाद्या विकणारा एक फिरता विक्रेता बसला होता. त्यानं बिचाऱ्यानं सहज विचारलं, कुणी घ्यायला नाही आलं का? झालं. ताईचा आवाज म्हणजे भिंतीवरची अक्षरं वाचा म्हणून दुकानभर सांगून कमावलेला, त्यामुळे पुढची कहाणी गादीवाल्याबरोबर सगळ्या बसला फुकटात मिळाली. बाळ लहानपणापासून चिक्कू कसा, जुन्या वह्यांची कोरी पानं कशी जपून ठेवायचा, सगळं. मग वडिलांचं आलं. ते अत्यवस्थ झाले तेव्हा ताईनं बाळला फोन केला. तो मिळेल त्या विमानानं आला आणि विमानतळावरून टॅक्सी करायची सोडून असल्याच एका बसमध्ये चढला. दवाखान्यात पोचला तेव्हा वडील गेले होते. ताईनं दारातच, सगळ्या नातेवाइकांसमोर त्याला ऐकवलं, टॅक्सीचे वाचवलेस ना, आता ठेव जपून. त्यानंतर बाळ तिच्याशी बोलला नाही.

"बरोबरच बोललात," गादीवाला म्हणाला. गिऱ्हाइकाच्या हो ला हो करायची त्याला सवय होती.

एवढ्यात बस थांबली. पुढे दिसेल तिथवर गाड्याच गाड्या होत्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, म्हणजे मुक्काम मोठा होता. ताईच्या खिडकीला लागूनच एक टॅक्सी उभी होती. आत फुलांचा गुच्छ मांडीवर घेऊन एक बाई झोपली होती. विमानतळाच्या दारात फुलांनी स्वागत झालं ते हिचंच. ती ताईच्या कितीतरी आधी निघाली होती, टॅक्सीनं, ऐटीत. आणि आता दोघी काचेला काच लावून उभ्या होत्या.

ताई त्या टॅक्सीकडे बराच वेळ बघत राहिली. तिची बडबड थांबली, तसं गादीवाल्यालाच चुकल्यासारखं वाटलं. मग पुढे काय झालं, असं त्यानं विचारलं.

"पुढे काय होणार? टॅक्सीनं आला असता तरी तेव्हाच पोचला असता तो." ताईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "मला कुणावर तरी चिडायचं होतं. नेमका तो दारातून आत आला."

यावरही गादीवाल्यानं सवयीनं मान डोलावली.

शहर आलं एकदाचं. ड्रायव्हरनं बसच्या पोटातून बॅगा काढून रस्त्यावर टाकायला सुरुवात केली. ताईची बॅग लाल रुमाल बांधलेली. ताई पुढे होईपर्यंत टोपीवाल्यानं ती उचललीही. ताई ओरडणार तोच त्यानं टोपी काढली. केस पार गेले होते आणि कपाळ थेट वडिलांचं होतं.

"तू?" ताई म्हणाली. "घरून आलास?"

"विमानतळावरून. खांबाआड उभा होतो." बाळ बॅगेच्या रुमालाशी बोलत होता. "तुझं नको नेहमीचं की खरं, ते कळेना. म्हणून मागे बसलो."

अर्ध्या गावाचे डोळे तपासणाऱ्या बाईला सख्खा भाऊ एकाच बसमध्ये असून दिसला नव्हता.

"सगळं ऐकलंस?"

"शेवटच्या सीटपर्यंत येत होतं."

या घरात माफी मागायची पद्धत नव्हती. ताईनं त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली आणि वाळलास म्हणून त्यालाच दोन शब्द सुनावले. तो हसला. घर अजून लांब आहे, म्हणाला.

"टॅक्सी करू का?"

"नको," ताई म्हणाली.

बाळनं तिच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं आणि रस्त्याकडे वळून हात वर केला.